शाळेत बाई म्हणायचे

प्रथम क्षमा मागते. लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. उभे आयुष्य मी इतरांच्या मुलांना निबंध लिहायला लावले, त्यांच्या वह्यांवर लाल शाईने ‘विषय सोडून लिहू नये’ असे शेरे मारले. परंतु स्वतःहून एक पानही कधी लिहिले नाही. ज्यांनी उत्तम लिहिलेले पुष्कळ वाचले आहे, अशा वाचकांपुढे या वयात चार पाने घेऊन उभे राहणे हे धारिष्ट्य आहे, याची मला जाणीव आहे. शिवाय जे सांगायचे आहे ते जितके माझे आहे तितकेच माझ्या मुलीचेही आहे, आणि तिची परवानगी मी घेतलेली नाही. ती मागायची तर आधी तिलाच सगळे सांगावे लागेल. तेच मला आजवर जमलेले नाही.

मी कारध्याची. नदीपलीकडे भंडाऱ्याला शिकले, शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले आणि लग्न होऊन पवनी तालुक्यातल्या एका गावी आले. यजमानांची धानाची शेती होती. गावच्या प्राथमिक शाळेत मला नेमणूक मिळाली, तेव्हा त्या शाळेत स्त्री शिक्षिका मी एकटीच. कवेलूंचे छप्पर, पुढे लांब पडवी, मागे बोडी म्हणजे लहानसे तळे, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत निम्मी रिकामी राहणारी पटांगणातली प्रार्थनेची रांग. लग्नानंतर पुष्कळ वर्षे झाली, तरी आम्हांला मूल झाले नाही. गावातल्या बायका मला या बाबतीत फारसे बोलत नसत, कारण मी ‘बाई’ होते. त्यांच्या मुलांना मी शिकवीत होते. हा शब्द माझ्याभोवती एखाद्या कुंपणासारखा होता, आणि खरे सांगायचे तर मला तो बरा वाटे.

आमच्या शाळेत एक रीत होती. इतर शाळांतही ती असावी. ज्या शिक्षकाचे मूल त्याच शाळेत शिकत असेल, त्या मुलाने शाळेत बापाला ‘गुरुजी’ म्हणायचे. ‘बाबा’ म्हटले तर बाकीची मुले हसत, आणि पक्षपात होतो असे गावाला वाटे. आमचे मुख्याध्यापक तर स्वतःच गंमत सांगत, की त्यांचा मुलगा एकदा घरी जेवताना म्हणाला, “गुरुजी, थोडं वरण.” हे सांगून ते मोठ्याने हसत आणि आम्ही सगळे हसत असू. मीही हसत असे.

सत्तरीचे दशक अर्धे सरले असेल, तेव्हाच्या एका उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली. नाकाडोंगरीकडच्या एका गावात यजमानांची मामेबहीण राहत असे. तिच्या सासरच्या नात्यातली ही मुलगी. बाप खाणीत मजुरी करीत असे, तो गेला. पाठोपाठ आई आजारपणात गेली. मग मुलगी काही दिवस काकूकडे, काही दिवस मावशीकडे आणि शेवटी या मामेबहिणीकडे राहिली. मामेबहिणीला स्वतःची चार मुले. तिने निरोप पाठवला, आम्ही हो म्हटले, आणि एके दिवशी ती मुलीला घेऊन एस.टी.ने आली. मुलीचे वय सातेक वर्षांचे. अंगात मोठ्या मापाचा फ्रॉक आणि हातात कापडाची पिशवी. ओसरीच्या पायरीवर ती बसली ती कोणी उठ म्हणेपर्यंत उठली नाही.

निघताना मामेबहीण मला म्हणाली, “वहिनी, सहा महिने ठेवून पाहा. नाही जमलं तं आणून सोडा. आम्ही काही म्हननार नाही.”

मी म्हणाले, “बरं.”

मुलगी पायरीवरच होती. तिने ऐकले. मला म्हणता आले असते, की ही आता आमची आहे, परत वगैरे काही नाही. मनात तेच होते. परंतु मोठ्या माणसासमोर असे ठासून बोलण्याची मला सवय नव्हती. कोणी काही म्हटले की ‘बरं’ म्हणणे हा माझा स्वभाव. त्या एका शब्दाने मुलीच्या मनात काय लिहिले गेले असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

ती मला काहीच म्हणत नसे. म्हणजे कोणत्याच नावाने हाक मारीत नसे. काही हवे असले की समोर येऊन उभी राही आणि माझे लक्ष जाईपर्यंत थांबे. यजमानांना मात्र आठवड्याभरातच ‘बाबा’ म्हणू लागली. ते तिला धानाच्या बांधीवर, शेतात, घेऊन जात, बैलांच्या शिंगांना हात लावू देत, आणि संध्याकाळी येऊन मला चिडवीत, “पाहा मास्तरीणबाई, मले बाबा म्हनते. तुले काय म्हनते?”

“काही नाही म्हणत.”

“तूच घाबरून राहिली तिले. तं ते काय म्हनन?”

शाळा सुरू झाली तेव्हा तिला दुसरीत बसवले. मी चौथीला शिकवीत होते. पहिल्या दिवशी तिची वेणी घालताना मी तिला समजावले, “हे बघ, शाळेत मला बाई म्हणायचं. सगळी मुलं म्हणतात ना, तसं.”

“आन घरी?”

“घरी तुला वाटेल ते म्हण.”

आपण फार उदार आहोत असे मला त्या वेळी वाटले होते. तिने काही दिवस विचार केला असावा. मग घरीही ‘बाई’च म्हणू लागली. मला वाईट वाटले नाही. निदान हाक तर आली.

त्या दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई होती. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी, पाहुणे येतात, दुकाने लागतात, रात्री दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ होतो. त्या दिवशी आमच्याकडेही पाहुणे होते. मी तिला घेऊन बांगड्यांच्या दुकानाशी गेले. ओळखीच्या बायका भेटल्या, बोलणे लांबले, आणि केव्हातरी तिचा हात सुटला. थोड्या वेळाने गर्दीतून एक हाक आली, “आई! आई!” दोन-तीन बायका मागे वळल्या. मी वळले नाही. ती हाक माझ्यासाठी असेल असे माझ्या कानांना माहीतच नव्हते. शेजारची म्हणाली, “बाई, तुमची पोरगी होय ना ते?” तेव्हा पाहिले, तर ती फुगेवाल्यापाशी उभी होती, तोंड लाल झालेले, आणि एकसारखी ओरडत होती. मी धावत जाऊन तिला उचलले. सात वर्षांची मुलगी, तशी जडच होती. घरी येईपर्यंत मी तिला खाली ठेवले नाही. तिने माझ्या खांद्यात तोंड खुपसले होते आणि मध्येच विचारले, “तुले ऐकू नाही आलं काय?”

मी खोटे बोलले. म्हणाले, “आलं ना. गर्दी होती, म्हणून वेळ लागला.”

त्या दिवसापासून घरी मी ‘आई’ झाले. ती मला कामाशिवायही हाका मारी. चुलीशी, विहिरीवर, अंगणात. “आई, हे काय होय?” “आई, तू कुठं आहेस?” मी दिसत असले तरी विचारी. यजमानांना आता चिडवायला काही उरले नव्हते. माझ्या आयुष्यातले ते दिवस सर्वांत सुखाचे होते, हे मी संकोच न करता लिहू शकते.

आणि नेमक्या त्याच दिवसांपासून शाळेतल्या तक्रारी सुरू झाल्या.

दिवाळीपूर्वी ती वर्गात मुकाट बसणारी मुलगी होती. आता ती शिकवणे चालू असताना उठे, पडवीतून चालत येई आणि माझ्या वर्गाच्या दारात उभी राही. आत येत नसे, काही बोलत नसे. चौथीची मुले ओरडत, “बाई, ते पाहा, ते पुन्हा आली!” मी बाहेर जाऊन म्हणे, “काय हवंय?” ती म्हणे, “काही नाही, बाई.” मी म्हणे, “मग वर्गात जा.” ती जाई आणि पुढच्या तासाला पुन्हा येई. दुसरीच्या गुरुजींनी दार लावायला सुरुवात केली, तेव्हा तिने शेजारच्या मुलाची पाटी बोडीत फेकली. एकदा पिण्याच्या पाण्याच्या माठात माती टाकली. चिमटे काढणे, ओरबाडणे तर रोजचे झाले. गुरुजी भले होते, पण त्रासले होते. मधल्या सुट्टीत मला म्हणाले, “बाई, राग मानू नका, पन घरी लाड जास्त होऊन राहिले वाटते.”

मला ते पटले. घरी ती आनंदात होती आणि शाळेत बिघडत होती; तेव्हा घरचा आनंदच कारण असणार, असा सरळ हिशेब मी केला. मी घरी थोडी कडक झाले. ती त्याने सुधारली नाही.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती ध्यानात येऊनही मी जे केले त्याचे मला अधिक वाईट वाटते. ती वाटेल त्या मुलाला चिमटे काढीत नव्हती. ज्या मुलाला मी सकाळी पुढे बोलावून शाबासकी दिली, ज्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिलाच सुट्टीत ओरबाडे. दारात उभी राहून ती हेच पाहत असे. शिकवताना मुलांच्या पाठीवर हात ठेवण्याची मला सवय होती. ती मी आवरली. आणि मुख्याध्यापकांना विचारून एक प्रयोग केला. तिला माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसवले. दुसरीची पाटी घेऊन ती चौथीत बसे. वर्गाच्या पाण्याचा माठ भरून ठेवण्याचे काम मी तिच्याकडे दिले. एका हाताने लोटा धरून ती पाणी गाळी आणि झाकण ठेवल्यावर माझ्याकडे पाही. मी मान हलवी. तेवढे तिला पुरत असे. ते दिवस शांततेत गेले. दुसरीच्या गुरुजींनीही धडे विचारून पाहिले आणि कबूल केले, की मुलगी घरी धडे पाठ करते आहे, चुकत नाही.

परंतु गावात बोलले जाऊ लागले. दुसरीची मुलगी चौथीत बसते, बाईंची आहे म्हणून चालते. मुख्याध्यापकांनी मला बोलावले. ते ओशाळल्यासारखे हसत म्हणाले, “माझी काही हरकत नाही हो बाई. पण लोकांना काय सांगू?”

मी म्हणाले, “बरं.”

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा दुसरीत पाठवले. तिने फक्त एवढेच विचारले, “माझं काय चुकलं?” मी म्हणाले, “काही नाही. नियम आहे.” तिने लोट्याची जागा नव्या मुलीला दाखवून दिली आणि गेली.

प्रजासत्ताक दिनाची तयारी चालली होती. चौथीच्या मुलींचा नाच बसवण्याचे काम माझ्याकडे होते. आदल्या दिवशी पटांगणात सराव होता. एका मुलीच्या वेण्या सारख्या सुटत होत्या, म्हणून मी पायरीवर बसून तिला पुढ्यात घेतले आणि वेण्या पुन्हा घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. हे मी सहज केले. इतक्यात माझी मुलगी कुठून आली कळले नाही. तिने त्या मुलीचा हात धरला आणि मनगटाच्या वर असे कडकडून चावली, की रक्त आले. आम्ही दोघा-तिघांनी तिला ओढून काढले.

ती मुलगी उपसरपंचांची होती. घटकाभरात ते आले, सोबत आठ-दहा माणसे. सगळे पडवीत उभे राहिले. मुख्याध्यापक खुर्ची देत होते, कोणी बसत नव्हते.

“गुरुजी, शाळा होय का काय होय हे? हात पाहा पोरीचा!”

“मी समजावतो...”

“कोनाले समजावता? रोजचं होऊन राहिलं. बाईची पोरगी हाय म्हनून कोनी बोलून नाही राहिला. कुठची हाय, कोनाची हाय, काय ठिकाना? तिचा दाखला काढून द्या आन जिथून आनली तिथं पाठवा!”

गर्दीतून कोणी म्हणाले, “आपल्या पोटची असती तं बाईनं पहिल्याच दिवशी दोन थापडा ठेवून देल्या असत्या.”

ते वाक्य मला लागले. मला वाटले, आता सगळे माझ्याकडे पाहत आहेत. मी न्यायाने वागते की नाही, हे आज ठरणार. आणि दाखला खरोखरच निघाला तर ती कोठे जाईल? पुढच्या एस.टी.ने नाकाडोंगरीकडे? मुख्याध्यापकांनी तडजोड सुचवली: मुलीने सर्वांसमोर माफी मागावी, आणि पुन्हा असे घडले तर मात्र दाखला. उपसरपंच म्हणाले, “माफी तिनं मागावी. आन बाईनं मागायला लावावी.”

मी तिला पुढे आणले. ती रडत होती. एवढ्या माणसांना पाहून तिने माझ्या लुगड्याचा पदर दोन्ही मुठींत धरला, माझ्या पोटाशी तोंड लपवले आणि मोठ्याने म्हणाली, “आई, घरी जाऊ. आई, घरी चाल ना.”

मुले हसली. शाळेत ‘आई’ म्हटले म्हणून हसली, मुले हसतातच.

मी तिची बोटे एक एक करून पदरापासून सोडवली. आणि म्हणाले (माझा आवाज मला अजून ऐकू येतो, वर्गात ज्या आवाजात मी पाढे म्हणवून घेई तोच), “शाळेत मी तुझी आई नाही. बाई म्हणायचं. बाई म्हण आणि माफी माग.”

तिने माझ्याकडे पाहिले. रडणे थांबले. दोन पावले मागे सरून ती नीट उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, “बाई, माझं चुकलं. पुन्हा नाही करनार. मले माफ करा.”

उपसरपंचांचेही मन द्रवले असावे. ते म्हणाले, “जाऊ द्या. लेकरू हाय.” माणसे पांगली. मुख्याध्यापक माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाले, “छान हाताळलंत, बाई.” मला सुटल्यासारखे वाटले. मुलगी शाळेत राहिली, आमच्याकडे राहिली. त्या दिवशी मला एवढेच हवे होते, आणि ते मिळाले होते.

संध्याकाळी मी लाखोरीची भाजी केली होती. तिला ती आवडे. ताटे घेताना ती म्हणाली, “बाई, भात वाढू?”

यजमान शेतावरून आले होते. त्यांना शाळेतले सगळे कळले होते. ते हसत म्हणाले, “अवो, घरी आहे ना आपन. घरी आई म्हन ना.”

ती भात वाढीत होती. मान वर न करता तिने उत्तर दिले, “राहू द्या ना बाबा. दोन-दोन ठेवले का मंग चुकते. एकच ठेवतो.”

यजमानांनी माझ्याकडे पाहिले. मी ताटाकडे पाहिले. मला वाटले, रुसली आहे. दोन दिवसांत विसरेल.

ती विसरली नाही. आणि त्यानंतर तिची एकही तक्रार आली नाही. ती माझ्या वर्गाच्या दारात कधी उभी राहिली नाही. कोणाला चिमटा काढला नाही. चौथीत ती माझ्याच हाताखाली आली. इतर मुलींसारखी हात वर करी, इतरांसारखी वही तपासून घेई, मी दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर हात ठेवला तरी तिची नजर पाटीवरून हलत नसे. शाळेने याला सुधारणा म्हटले. तालुक्याहून विस्तार अधिकारी आले आणि शिक्षकांची सभा झाली, तेव्हा मुख्याध्यापकांनी मुद्दाम मला उभे केले आणि म्हणाले, “अवघड मुलांना कसे वळण लावावे, हे बाईंना विचारा.” मी बोलले. सातत्य, शिस्त, घरी आणि शाळेत एकच नियम, असे काही बोलले. टाळ्या झाल्या. बोलताना मला आनंद झाला नाही, असेही म्हणता येत नाही.

घरी ती प्रेमानेच वागे, हे मला सांगितले पाहिजे; नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. माझे पाय दुखत तर चेपून देई. मला ताप आला तर उशाशी बसे. रुसवा नव्हता, राग नव्हता. फक्त माझ्या खोलीत येताना उंबऱ्याशी थांबून विचारी, “बाई, येऊ?” मी जितक्या वेळा “ये” म्हणाले, तितक्या वेळा माझ्या मनात आले, की आज बोलू. यजमान म्हणत, “एकदा सांगून टाक. चुकलं म्हन लेकरापुढं, त्यात काय?” त्यांच्या दृष्टीने ते शेताच्या बांधावरून उडी मारण्याइतके सोपे होते. मला वाटे, मागून घेतलेली ‘आई’ ही खरी कशी असेल? मीच तिला एक नियम घातला. आता त्याच अधिकाराने उलटा नियम घालू काय? असे काही कारण दरवेळी सापडे. बहुधा मला तिच्या उत्तराची भीती वाटत होती.

सातवी झाल्यावर ती पवनीच्या हायस्कूलला जाऊ लागली. माझी आशा अशी, की आता शाळा वेगळी, तेव्हा ‘बाई’ म्हणण्याचे कारणच उरले नाही. पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत एस.टी.च्या थांब्यावर गेले. तिथे पवनीला जाणाऱ्या इतर मुली होत्या. त्यांच्यापैकी एक नवीन होती, दुसऱ्या गावची. तिने माझ्याकडे पाहून विचारले, “ह्या कोन?” माझी मुलगी अगदी अभिमानाने म्हणाली, “आमच्या बाई.” गाडी आली. ती चढली, खिडकीतून हात हलवीत म्हणाली, “येतो बाई!” धूळ बसेपर्यंत मी थांबले.

ऐंशीचे दशक संपत आले होते, तेव्हा तिने शिक्षिकेच्याच प्रशिक्षणाला प्रवेश घेतला. मी तिला तसे सुचवले नव्हते. सरावपाठासाठी त्यांच्या तुकडीला खेड्यांतल्या शाळा वाटून दिल्या होत्या आणि तिच्या वाट्याला आमचीच शाळा आली. वर्ग दुसरीचा. पाठ पाहून शेरा लिहिण्यासाठी वर्गशिक्षिकेने मागे बसावे असा रिवाज होता, आणि त्या वर्षी दुसरी माझ्याकडे होती. मी मागच्या बाकावर बसले. ती निळ्या काठांची सुती साडी नेसली होती. फळ्यावर तिने पाण्याचे चित्र काढले होते: विहीर, बोडी, नदी. शिकवण्यात ती माझ्यापेक्षा सरस आहे, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळले. मुले तिच्याकडे ओढली जात होती.

मध्येच पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी उत्तर देण्याच्या घाईत उभी राहिली आणि म्हणाली, “आई, मी सांगतो! आई, मी!”

लहान वर्गांत असे अनेकदा होते. मुलांच्या तोंडून चुकून ‘आई’ निघून जाते. सगळा वर्ग खो-खो हसला. ती पोर गोरीमोरी झाली, खाली मान घालून नखे कुरतडू लागली. असे झाले की मी नेहमी म्हणत असे, ‘आई नाही, बाई म्हण.’ माझ्या ओठांवर ते आलेही होते. मी खडूच्या त्या चित्राकडे पाहत राहिले.

माझी मुलगी हसली नाही आणि रागावलीही नाही. ती फळ्यापासून चालत त्या मुलीपर्यंत गेली, वाकली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “हां, सांग माय. तुला येतं ना? सांग.”

मुलीने उत्तर सांगितले. पाठ पुढे सरकला.

घंटा झाली. मुले बाहेर गेली. माझ्यासमोर शेऱ्याचा कागद होता आणि मी त्यावर अजून काहीच लिहिले नव्हते. ती हातांवरची खडूची धूळ झटकीत माझ्या बाकाशी आली आणि उभी राहिली. लहानपणी काही हवे असले की माझे लक्ष जाईपर्यंत उभी राही, तशीच.

“बाई, कसा झाला पाठ?”

तिला काय वाटले असेल, तिला तो पडवीतला दिवस आठवला असेल की नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही. मला बोलायचे होते. मी म्हणाले, “चांगला झाला.” आणि कागदावर ‘उत्तम’ असे लिहून खाली सही केली. ती खुश होऊन गेली.

आता ती तिच्या संसारात आहे. सणाला येते, दारात चप्पल काढते आणि विचारते, “बाई, येऊ का?” यजमान नाहीत. आम्हां दोघींमध्ये पडून एखादे वाक्य हसत बोलून टाकणारे कोणी उरलेले नाही. मी तिच्याकडून तो शब्द मागावा, की तो तिचा आहे आणि तिने तो काढून घेतला आहे, एवढे मान्य करून गप्प राहावे, याचा निर्णय मला इतक्या वर्षांत करता आलेला नाही. माझी मुलगी पुढच्या आठवड्यात येणार आहे. वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता, तर दारात तिला काय म्हणाला असता?